संस्थेत फेरबदल कसा घडवावा?

शेतात फेरबदल करण्याची सवय शेतकऱ्यास आहे. बियाणे बदलते, खताची मात्रा बदलते, मोटेच्या जागी पंप आणि पाटाच्या जागी ठिबक येते. आणि एक-दोन हंगामांच्या अनुभवाने तो नव्या रीतीचा बरेवाईटपणा पारखून घेतो. परंतु ज्या संस्थेच्या द्वारे तो पीककर्ज उचलतो, खत आणतो व माल विकतो, त्या संस्थेत फेरबदल करावयाचा झाला म्हणजे ही पारख उपयोगात आणली जात नाही. एक तर ठराव एका बैठकीत मंजूर होऊन दप्तरात पडून राहतो, किंवा तो बळाने अमलात आणला जाऊन संस्थेत दोन तट पडतात. दोन्ही प्रकारे नुकसान सभासदांचेच होते.

हा प्रश्न आज लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र सहकार खाते उघडले. जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचे हिशेब संगणकावर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. जानेवारी २०२३ मध्ये अशा संस्थांकरिता नमुन्याचे पोटनियम प्रसृत झाले, आणि गोदाम, दुग्धव्यवसाय, अवजारे भाड्याने देणे इत्यादी पंचवीसहून अधिक कामे करण्याची वाट त्यांस मोकळी झाली. तेव्हा गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांत फेरबदल होणार हे ठरलेलेच आहे; तो नीट होणार की धसमुसळेपणाने, एवढेच आपल्या हाती आहे.

या बाबतीत शिकण्यासाठी दूर जावयास नको. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी-चिंचवड, भोसरी व पुढे चाकण या बाजूच्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. जेथे बाजरी व कांदा पिकत होता तेथे आज मोटारी तयार होतात, आणि चाकणचा कांद्याचा बाजार त्यांच्या शेजारी अजून भरतो. या कारखान्यांनी गेल्या साठ वर्षांत अनेक वेळा आपली रीत बदलली. त्यात कोठे यश आले, कोठे झगडा झाला. या विषयाचे शास्त्रही आता बरेच वाढले आहे. त्यातील मुख्य विचार आणि शेजारचे अनुभव एकत्र मांडून त्यांपासून सोसायटीस काय घेता येईल, हे या लेखात पाहावयाचे आहे.

१. फेरबदलाच्या तीन अवस्था

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत कर्ट लेविन यांचे नाव प्रथम घेतले जाते. त्यांचा जन्म १८९० साली, आज पोलंडमध्ये असलेल्या एका खेड्यात झाला. घरचे लहानसे दुकान होते व थोडी शेतीही होती. पुढे ते अमेरिकेत गेले. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी असे दाखविले की, माणसांच्या समूहात कोणताही टिकाऊ बदल तीन अवस्थांतून जातो: प्रथम जुनी घट्ट बसलेली सवय सैल करणे, नंतर नवीन रीतीकडे सरकणे, आणि शेवटी ती नवीन रीत पुन्हा घट्ट बसविणे.

मावळातील भाताची लावणी ज्याने केली आहे त्यास हे समजावून सांगावे लागणार नाही. खाचरात चिखलणी केल्यावाचून लावणी होत नाही. तरव्यातील रोप उपटून लावले म्हणजे ते प्रथम पिवळे पडते, मान टाकते, आणि नवख्या माणसास वाटते की पीक गेले. पुढे मूळ धरले म्हणजे ते हिरवे होते. चिखलणी, लावणी व मूळ धरणे या तिन्हींपैकी एकही गाळून चालत नाही. आपल्या संस्थांत बहुतेक वेळा मधली एकच पायरी पार पाडली जाते. ठराव होतो, म्हणजे लावणी होते. पण चिखलणी केलेली नसते व मूळ धरेपर्यंत पाण्याकडे कोणी पाहत नाही.

चिखलणी कशी करावी याविषयी लेविन यांचा एक प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. हृदय, मूत्रपिंड इत्यादी जे भाग तेथील गृहिणी हलके समजून वापरीत नसत, ते त्यांनी वापरावेत असा सरकारचा प्रयत्न होता. गृहिणींच्या काही गटांस तज्ज्ञांनी उत्तम व्याख्यान दिले. दुसऱ्या गटांत तीच माहिती थोडक्यात सांगून, अडचणी कोणत्या येतील याची चर्चा गृहिणींनाच करू दिली, आणि शेवटी कोण करून पाहणार ते हात वर करून सांगावयास लावले. पुढे चौकशी करता असे आढळले की, व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी शेकडा ३ जणींनी, तर चर्चा करून निश्चय करणाऱ्यांपैकी शेकडा ३२ जणींनी नवा पदार्थ करून पाहिला. माहिती एकच होती. भेद एवढाच की, एकीकडे निर्णय ऐकला गेला व दुसरीकडे तो घेतला गेला.

२. विचारून केलेला व न विचारता केलेला बदल

हाच मुद्दा कारखान्यातही खरा ठरला. अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात मॅरियन या गावी रात्रीचे कपडे शिवण्याचा हारवुड नावाचा कारखाना होता. तेथे कामाची पद्धत बदलली की कामगार स्त्रिया नाराज होत, काम मंदावे व पुष्कळजणी नोकरी सोडीत. कोच व फ्रेंच या दोघांनी तेथे प्रयोग करून तो १९४८ साली प्रसिद्ध केला. एका गटास नवी पद्धत नुसती समजावून सांगितली. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून त्यांच्यामार्फत भाग घेतला. उरलेल्या गटांतील सर्वच स्त्रियांना नवी पद्धत ठरविण्याच्या कामात सामील करून घेतले.

पहिल्या गटाचे काम खाली गेले ते वर आलेच नाही, आणि चाळीस दिवसांत शेकडा १७ जणी सोडून गेल्या. प्रतिनिधी पाठविणाऱ्या गटाचे काम काही दिवसांनी पूर्वपदावर आले. जेथे सर्वांनी भाग घेतला तेथे काम थोडे दिवस उतरले, लवकरच सावरले आणि पूर्वीपेक्षा शेकडा १४ ने वाढले. नोकरी कोणीही सोडली नाही. यावरून दोन गोष्टी दिसतात. फेरबदलानंतर काही दिवस काम उतरणारच. तेवढ्यावरून घाबरून मागे फिरू नये. आणि ते किती उतरेल व केव्हा सावरेल, हे मुख्यतः माणसांस आधी विचारले होते की नाही यावर अवलंबून असते.

३. पायऱ्यांचे दोन आराखडे

पुढील अभ्यासकांनी लेविन यांच्या तीन अवस्थांच्या बारीक पायऱ्या पाडल्या. त्यांपैकी जॉन कॉटर यांचा १९९५-९६ मधील आठ पायऱ्यांचा आराखडा सर्वत्र प्रसिद्ध आहे. तो असा: (१) बदलाची निकड सर्वांस पटविणे, (२) वजनदार व विश्वासू माणसांचा गट जुळविणे, (३) कोठे जावयाचे त्याचे स्पष्ट चित्र ठरविणे, (४) ते चित्र वारंवार व सोप्या भाषेत सांगणे, (५) आड येणाऱ्या अडचणी दूर करणे, (६) लवकर दिसेल असे लहान यश मिळविणे, (७) त्या यशावर न थांबता काम पुढे नेणे, (८) नवी रीत संस्थेच्या अंगवळणी पाडणे.

कॉटर यांची दृष्टी संपूर्ण संस्थेकडे आहे. जेफ हायट यांनी एकेका माणसाकडे पाहून पाच पायऱ्या सांगितल्या: बदल का हवा याची जाणीव, तो करण्याची इच्छा, कसा करावयाचा याचे ज्ञान, प्रत्यक्ष करण्याचे सामर्थ्य, आणि केलेले टिकावे म्हणून आधार. हा क्रम रोग ओळखण्यास फार उपयोगी आहे. ज्याला निकडच पटलेली नाही त्याला प्रशिक्षणास पाठविणे व्यर्थ. आणि ज्याची इच्छा आहे पण हात बसलेला नाही त्याला पुन्हा उपदेश करणे त्याहून व्यर्थ.

४. शेजारच्या कारखान्यांचा अनुभव

आधी माणसे, मग माल. १९६६ च्या सुमारास टेल्को कंपनीने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पिंपरी-चिंचवड येथे काम सुरू केले. तिचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी आरंभी मालमोटारी काढण्याची घाई केली नाही. उमेदवारांचे प्रशिक्षण व यंत्रे घडविणारी यंत्रशाळा यांवर प्रथम भर दिला. पुण्याच्या कारखान्यातून पहिली मालमोटार १९७७ साली बाहेर पडली. ज्ञान व सामर्थ्य या पायऱ्यांवर जवळजवळ दहा वर्षे खर्च केली गेली, आणि त्या पायावर पुढील काम उभे राहिले.

विश्वास तुटल्याची किंमत. याच कारखान्यात वेतनकराराच्या व संघटनेच्या मान्यतेच्या वादातून मोठा झगडा पेटला. सप्टेंबर १९८९ मध्ये कामगारांनी पुण्यास शनिवारवाड्यासमोर सामुदायिक उपोषण केले व शेवटी पोलिसांनी त्यांस तेथून हलविले. चांगली यंत्रे व चांगले प्रशिक्षण असूनही बोलण्याचा मार्ग बंद झाला म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण होय.

निकड आणि विचारपूस. २०००-०१ साली या कंपनीस सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा आला. तो लपविता येण्याजोगा नव्हता. खर्चाच्या प्रत्येक बाबीची छाननी झाली आणि २००२-०३ साली सुमारे ३०० कोटींचा नफा झाला. त्याच काळात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली एका लहान मालगाडीचे काम चालू होते. आराखडा पक्का करण्यापूर्वी त्यांच्या मंडळींनी तीनचाकी टेंपो चालविणाऱ्यांस भेटून त्यांची गरज विचारली. २००५ साली ती गाडी पिंपरीतून बाहेर पडली. भाजीच्या क्रेट वाहणारा आपला नित्याचा ‘छोटा हत्ती’ तो हाच.

जुने सोडण्याचे धैर्य. आकुर्डीच्या बजाज कारखान्याची चेतक स्कूटर १९७२ पासून घरोघर पोहोचली होती. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. पुढे ग्राहक मोटारसायकलीकडे वळला. कंपनीने १९९९ साली चाकणला नवा कारखाना काढला व २००१ साली पल्सर गाडी आणली. २००७ साली आकुर्डीचे उत्पादन बंद झाले. संस्थेच्या दृष्टीने हा बदल लाभाचा ठरला. परंतु ज्यांचे आयुष्य आकुर्डीच्या यंत्रांपाशी गेले त्यांच्या दृष्टीने तो एक शेवट होता. विल्यम ब्रिजेस या अभ्यासकाने म्हटले आहे की, प्रत्येक बदलाचा आरंभ माणसाच्या मनात शेवटानेच होतो. मग अधांतरी असा मधला काळ येतो, आणि त्यानंतर नवा आरंभ. ज्याची जमीन संपादनात गेली आहे त्यास या मधल्या काळाचा अर्थ पुस्तकातून कळावयास नको. पुढे २०२० साली विजेवर चालणारी चेतक आली व जून २०२२ मध्ये तिच्यासाठी आकुर्डीतच नवा कारखाना सुरू झाला.

लाभाची वाटणी. जून २०१३ मध्ये चाकणच्या बजाज कारखान्यात संप झाला. कंपनीच्या भरभराटीत वाटा म्हणून प्रत्येक कामगारास ५०० समभाग, एका रुपयास एक या दराने मिळावेत, ही मागणी त्यात होती. व्यवस्थापनाने ती मान्य केली नाही व सुमारे पन्नास दिवसांनी संप मागे घेण्यात आला. मागणी योग्य की अयोग्य याविषयी मतभेद असोत. पण बदल यशस्वी झाल्यावर ‘यात आमचे काय?’ हा प्रश्न उठतोच, हे त्यावरून निश्चित समजावे. त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

५. शेतकऱ्यांनीच घडविलेला एक बदल

फेरबदल कारखानदारांनाच साधतो असे कोणी समजू नये. पुण्याच्या पूर्वेस हडपसर येथे शहर शेताच्या बांधाशी येऊन भिडले, तेव्हा १९९० नंतरच्या दशकात सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली व जमिनीच्या प्रमाणात तिचे भाग घेतले. मगरपट्टा वसाहत ती हीच. येथे निकड खरी होती; पुढाकार घेणारा नात्यागोत्यातला व विश्वासातला होता; चित्र स्पष्ट होते; आणि लाभाची वाटणी कशी होणार हे आधीच लिहून ठेवलेले होते. कॉटर यांच्या पायऱ्या नकळत येथे पार पाडलेल्या दिसतील.

६. सोसायटीत हे कसे करावे?

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, चारशे सभासदांच्या एका सोसायटीस आपली कीर्द-खतावणी संगणकावर न्यावयाची आहे. आमच्या मते पुढील क्रम ठेवावा.

पहिले, निकड आकड्यांनी दाखवावी. ‘सरकारचा हुकूम आहे’ हे निकडीचे कारण सांगू नये. हुकुमाने हात हलतात, मन हलत नाही. गेल्या वर्षी किती सभासदांस बाकीचा दाखला मिळण्यास विलंब झाला, किती जणांच्या व्याजाच्या हिशेबाविषयी तक्रारी आल्या, हे दप्तरातून काढून सभेपुढे ठेवावे.

दुसरे, गट जुळवावा. त्यात केवळ संचालक नसावेत. एक वृद्ध व मानलेला सभासद, एक लहान खातेदार, एक महिला सभासद, कारखान्यात नोकरीस असलेला गावचा एखादा तरुण, आणि विरुद्ध बाजूचा एक मनुष्य अवश्य असावा. विरोधक आत असला म्हणजे त्याच्या शंका सभेत स्फोट होण्यापूर्वी बैठकीत समजतात.

तिसरे, कोणाचे काय जाणार आहे ते ओळखावे. या बदलात सर्वांत मोठी झळ सचिवास लागते. वीस वर्षे सर्व खाती त्याच्या तोंडपाठ. गावात त्याचा मान त्यावरच. संगणक आला की ती विद्या निरुपयोगी होईल या भीतीने तो काम अडवील, आणि बाहेरून ती आळशीपणाची सबब वाटेल. जुन्या नोंदी तपासून नव्यात उतरविण्याचे मुख्य काम त्याच्याकडेच द्यावे. त्याच्यावाचून ते शुद्ध होणारही नाही.

चौथे, लहान तुकड्यात करून पाहावे. अमेरिकेतील आयोवा प्रांतात संकरित मक्याचे बियाणे १९२८ च्या सुमारास आले. त्याचा अभ्यास रायन व ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. दोन भागांतील २५९ शेतकऱ्यांपैकी दोघांवाचून सर्वांनी १९४१ पर्यंत ते स्वीकारले होते. परंतु पहिल्या वर्षी बहुतेकांनी शेताच्या एका कोपऱ्यातच ते पेरले. बियाण्याची बातमी विक्रेत्याने आणली, पण खात्री पटली ती शेजाऱ्याच्या शेतावरून. म्हणून एका वाडीची खाती प्रथम घ्यावीत, व जुनी वही आणि संगणक एक हंगाम बरोबर चालवावे. दुप्पट काम होते खरे, पण दोन्हींची बाकी जुळली म्हणजे शंकेखोराचे तोंड आपोआप बंद होते.

पाचवे, लवकर दिसेल असे यश द्यावे. ज्या दिवशी भरणा त्याच दिवशी छापील पावती व उरलेली बाकी सभासदाच्या हाती पडावी. दहा भाषणांनी होत नाही ते या चिठोऱ्याने होते.

सहावे, मूळ धरेपर्यंत पाणी द्यावे. पहिल्या वसुलीत घोटाळे होतील, रांगा लागतील, ‘जुनेच बरे होते’ असे लोक म्हणतील. तो रोप पिवळे पडण्याचा काळ होय. त्या दिवसांत संचालकांनी आळीपाळीने कचेरीत बसावे आणि चूक तेथेच दुरुस्त करावी.

सातवे, नवी रीत बांधून टाकावी. जुनी वही कोणत्या तारखेस बंद होणार ते सर्वसाधारण सभेत ठरवून त्या तारखेस ती बंद करावी. दोन्ही रीती कायम चालू ठेवल्या तर अडचणीच्या पहिल्या दिवशी सर्वजण जुन्या रीतीकडे परततात. काम करणारे दुसरे माणूसही तयार ठेवावे, नाहीतर एका माणसावरचे अवलंबन जाऊन दुसऱ्यावरचे येईल.

आठवे, लाभ सांगून वाटावा. वेळ व खर्च वाचला तर तो कोठे गेला हे वार्षिक सभेत मांडावे.

७. दोन सावधगिरीच्या सूचना

हे सर्व आराखडे पंचांगासारखे आहेत. पेरणीचे नक्षत्र पंचांग सांगते, पण वाफसा आला की नाही हे जमिनीतच हात घालून पाहावे लागते. गाव, माणसे व जुने हेवेदावे पाहून पायऱ्यांचा क्रम व वेळ ठरवावी लागेल.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. या विषयावरील पुस्तके बहुधा व्यवस्थापकांसाठी लिहिलेली असतात, आणि त्यांत विरोध म्हणजे दूर करावयाचा अडथळा असे मानलेले असते. सहकारी संस्थेत सभासद हाच मालक आहे. त्याचा विरोध हा पुष्कळदा दोष दाखविणारा असतो. बैल अडला तर शहाणा गाडीवान आधी मानेवरचे जू पाहतो. कोठे घासते आहे, खांदा सुजला आहे काय, हे पाहून मग काय ते करतो. नव्या व्यवहारात संस्थेचे भांडवल बुडेल अशी भीती एखाद्या लहान खातेदाराने बोलून दाखविली तर ती अज्ञानाची म्हणून झटकू नये. हिशेब मांडून तिचे उत्तर द्यावे, आणि उत्तर देता येत नसेल तर तो व्यवहारच थांबवावा.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बदल आला तेव्हा जमिनीच्या मालकास फारसे कोणी विचारले नव्हते. आपल्या सोसायटीत जो बदल येत आहे तो मात्र आपणच ठरवावयाचा आहे, कारण तेथे प्रत्येक सभासदास एक मत आहे. वर्षातून एकदा सप्टेंबरअखेरच्या आत भरणाऱ्या सर्वसाधारण सभेस सभासदांनी केवळ सही करून परत न येता विषयपत्रिका आधी वाचून जावे, प्रश्न विचारावेत, आणि संचालकांनीही ते प्रश्न ठरावाच्या आधी मागवावेत. येत्या सभेपूर्वी प्रत्येक वाडीत एक बैठक घेऊन एवढ्या एकाच फेरबदलावर चर्चा केली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.